‘आधी स्वतःचा मास्क’: एक खंडन

विमानात कधी पाऊल न ठेवलेली माणसंही हल्ली विमानातली एक सूचना एकमेकांना ऐकवतात. हवेचा दाब घसरला तर वरून मास्क खाली येईल. तो आधी स्वतःच्या तोंडाला लावा, मग शेजारच्याला मदत करा. आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यावर पहिल्या पाळीला निघालेली पोरं चहाच्या टपरीवर उभी असतात, तिथेही हे वाक्य आता मुरलं आहे. कोणाचा मित्र नोकरी गेल्यापासून घराबाहेर पडत नाही, कोणाचा रोज रात्री पिऊन फोन करतो आणि रडतो. ऐकणारा काही महिन्यांत स्वतःच वाळून गेलेला असतो. मग दुसरा त्याला सांगतो, ‘‘तू कशाला डोक्याला ताप करून घेतो? मास्क आधी आपला.’’ सगळे माना डोलावतात. रील्समध्ये हेच, रविवारच्या पुरवण्यांत हेच, कंपनीत ताणतणावावर व्याख्यान द्यायला येणारे पाहुणेही हेच सांगतात. नकारात्मक माणसांपासून अंतर ठेवा, सीमारेषा आखा, रिकाम्या भांड्यातून कोणाला काही ओतता येत नाही.

हे मत मला चुकीचं वाटतं. पण खंडनाची आपली जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा. आणि हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही.

१९९९ साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या अमेरिकी संशोधकांनी आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांची चार वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना त्या शुश्रूषेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. त्यांच्या डोळ्यांसमोर होते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक, म्हणजे पगारासाठी राबणारी नव्हे तर कळवळ्याने आलेली माणसं. दूरचं कशाला? १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला धावलेल्या अग्निशमन दलातला एक अधिकारी तो डोंगर चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. दुसऱ्याला वाचवताना स्वतः जाणं ही इथे पुस्तकातली गोष्ट नाही.

शिवाय हा नवा उपदेश उगवला तो एका जुन्या आणि जास्त क्रूर उपदेशाविरुद्ध. खरा मित्र तो, जो जीव देतो! बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातून वर जायची वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली. बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितलं, तर त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. घाट चढणारे ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकतात. वाट दाखवणाऱ्याने मरायचं आणि मग देव व्हायचं, हा आपला आवडता साचा. कर्णालाही आपण त्यासाठीच डोक्यावर घेतलं. घरोघरी मात्र या साच्याचं कौतुक पुरुषांनी केलं आणि तो निभावला बायकांनी. पिणारा नवरा, भ्रमिष्ट दीर, संसार मोडून माहेरी आलेली आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसणारी मैत्रीण, यांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बाईला ‘तू कशी आहेस’ असं कोणी विचारलं नाही. तिला आज कोणी म्हणालं, की बाई, जरा स्वतःकडे बघ, तर ते पुण्याचंच काम आहे. इथवर मला सगळं मान्य.

आता तो मास्क. पस्तीस हजार फुटांवर दाब गेला तर माणसाला शुद्धीवर राहून हात चालवायला वेळ मिळतो अर्धा ते एक मिनिट. म्हणून ती सूचना. आपला मास्क लावायला काही सेकंद लागतात आणि ते खर्च करायचे ते लगेच शेजारच्याकडे वळता यावं म्हणून. उठून दूरच्या खुर्चीवर जाऊन बसा, असं कोणतीही हवाईसुंदरी सांगत नाही. म्हणजे ती सूचना एका मिनिटातल्या क्रमाची आहे. मित्राचं खचणं महिन्यांचं असतं, कधी वर्षांचं. तिथे ‘आधी मी’ म्हणजे कधीपर्यंत? माझी झोप पुरी झाली, घराचे हप्ते फिटले, पोरीची दहावी आटपली, मन स्थिर झालं की मग? असा दिवस कोणाच्या आयुष्यात येत नाही. ‘आधी मी’चं ‘फक्त मी’ व्हायला वाईट बुद्धी लागत नाही, नुसते दिवस गेले तरी पुरतं.

त्या ६३ टक्क्यांचंही तसंच. हा आकडा सांगणारे पाहणीचा दुसरा अर्धा भाग गाळतात. त्याच पाहणीत असेही वृद्ध होते जे जोडीदाराची शुश्रूषा करत होते, पण त्यांना तिचा ताण नव्हता. त्यांच्यात मृत्यूचा धोका लक्षणीय वाढलेला आढळला नाही. म्हणजे दोष शुश्रूषेकडे जात नाही, ताणाकडे जातो. आणि २००३ साली स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध जोडप्यांची पाच वर्षांची नोंद तपासली, तर जे इतरांना मदत करत होते, जोडीदाराला आधार देत होते, ते त्या काळात कमी दगावले होते. नुसती मदत घेणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. अशा पाहण्यांतून कार्यकारण सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. धडधाकट माणूस मुळात जास्त मदत करू शकतो, हा आक्षेप उरतोच, जरी संशोधकांनी प्रकृतीचा हिशेब धरला होता तरी. पण दिल्याने माणूस रिता होतो, हे गृहीत मात्र यातून टिकत नाही. माया ही माठातल्या पाण्यासारखी मोजून ठेवायची वस्तू असल्याचा पुरावा कुठेच नाही.

मग माणसं वाळतात ती कशाने? याचं एक उत्तर अमांडा रोज यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करून दिलं. दोन मैत्रिणी एकच दुःख पुन्हा पुन्हा घोळवत बसतात: तो असं का बोलला, मी काय करायला हवं होतं, पुढे काय होईल. यातून मैत्री घट्ट होते, हे खरं. पण त्याबरोबर उदासीही वाढलेली दिसते. आपल्याकडे रात्री अकराला सुरू होऊन दोनला संपणारे फोन याच जातीचे. त्यात उपाय निघत नाही, डॉक्टरची वेळ ठरत नाही, हप्त्याचं गणित मांडलं जात नाही. तीन तास जागून दोघंही होते तिथेच राहतात, फक्त आता दोघांची झोप गेलेली असते. सकाळी वाटतं, केवढं ऐकून घेतलं मी त्याचं! ऐकलं, पण धरलं काहीच नाही. इथे मित्र विषारी नसतो. ती बैठक तेवढी बदलायला हवी असते, आणि बदलायची सोडून आपण मित्रच बदलतो.

लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी आणखी एक भेद दाखवला. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं स्वतःत उतरवून घ्यायला शिकवलेल्या लोकांना पीडितांच्या चित्रफिती पाहून जास्त त्रास होऊ लागला. त्याच लोकांना मग करुणेचा, म्हणजे त्या माणसाचं भलं व्हावं या भावनेचा सराव दिला, तेव्हा त्यांचा त्रास उतरला आणि बरं वाटणं वाढलं. समोर दुःख तेवढंच होतं. पाचव्या शतकातला बुद्धघोष ‘विसुद्धिमग्गा’त सांगून गेला होता की करुणेचे शत्रू दोन: लांबचा शत्रू क्रौर्य, आणि जवळचा, म्हणून ओळखायला कठीण असलेला शत्रू शोक. मित्रासाठी रडणारा स्वतःला करुणावान समजतो, आणि त्याच रडण्यात त्याचे हात बांधले जातात.

बौद्ध परंपरेचा विषय निघालाच आहे तर विनयपिटकातली एक हकिगत इथे सांगायलाच हवी. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्य आहे, शेजारी विहार आणि त्यात भिक्खूंच्या कोठड्या. अशाच एका विहारात, बुद्धाच्या हयातीत, एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडून होता. बुद्ध आनंदाबरोबर वसतिस्थानं पाहत फिरत तिथे आले. तुझं करायला कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हणाला. का नाही? तर त्याचं उत्तर असं, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे उत्तर आजच्या रीलमध्ये चपखल बसेल. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळत नाही, त्याच्यावर शक्ती घालवू नका.

पुढे बुद्धांनी काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. त्यांनी आनंदाकरवी पाणी आणवलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदाने पायाकडून, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवलं. तथागतानेही आजारी माणूस एकट्याने उचलला नाही! त्यानंतर संघ बोलावून नियम केला. आजाऱ्याचं त्याच्या उपाध्यायाने करावं, आचार्याने करावं, शिष्याने करावं, बरोबर राहणाऱ्यांनी करावं; यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावं, आणि न केलं तर तो दोष. कोणाची पाळी कोणानंतर, हे ठरवून टाकलं. ही यादी म्हणजे मला तरी आजवर वाचलेल्या सगळ्या ‘सेल्फ केअर’च्या पुस्तकांहून शहाणी वाटते.

त्याच प्रकरणात पुढे असंही येतं, की काही आजाऱ्यांचं करणं अवघड असतं. ते पथ्य पाळत नाहीत, औषध घेत नाहीत, दुखणं खरं सांगत नाहीत, वेदना सोसत नाहीत. बघणाऱ्याच्या अंगीही काही गुण लागतात: औषध तयार करता यावं, काय मानवतं काय नाही हे कळावं, किळस वाटू नये, लोभाने नव्हे तर मैत्रीने करावं, आजाऱ्याला धीर येईल असं बोलता यावं. म्हणजे त्रासदायक मित्र असतात, हे त्या काळीही माहीत होतं. त्यावरून निष्कर्ष मात्र ‘सोडा त्याला’ असा काढला नाही.

आता आमच्या घाटाकडे येतो, कारण पुस्तकात जे आहे ते इथे रस्त्यावर दिसतं. जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग दोन्ही बोरघाटातून जातात, त्यामुळे दरीतून माणसं काढणं हे खोपोलीकरांच्या पाचवीला पुजलेलं. ‘यशवंती हायकर्स’ची मंडळी आहेत, ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ याच नावाने काम करणारा गट आहे. सगळे आपापला कामधंदा सांभाळून येणारे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे शिंग्रोबाच्या देवळाजवळ झांजपथकाची बस दरीत कोसळली आणि १३ जण गेले, तेव्हा जखमींना दोर लावूनच वर काढावं लागलं. असं काम पाहिलेल्याला माहीत असतं की वर दोर धरणारा आधी स्वतःला झाडाला किंवा कातळाला बांधून घेतो. तो स्वतःला जपतो, यात शंका नाही. पण जपतो ते दोर सुटू नये म्हणून. स्ट्रेचर चार-सहा जण धरतात आणि मागून तेवढेच रिकाम्या हातांनी चालत असतात. त्यांना कोणी कामचुकार म्हणत नाही, कारण पुढच्या वळणावर खांदा त्यांचा लागणार असतो.

इर्शाळवाडीला तर वर जायला रस्ताच नव्हता. यंत्रं चढवता येईनात, पावसात चिखल कुदळ-फावड्यांनी उपसावा लागला. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. थांबायचा निर्णय प्रशासनाने घेतला, गावकऱ्यांशी बोलून. चिखलात उभ्या असलेल्या कोणा एका पोराला ‘आता बस्स’ हे स्वतःच्या मनाशी ठरवावं लागलं नाही. एकट्याने मित्राला सांभाळणाऱ्याला नेमकं हेच करावं लागतं. उचलायचं त्याने, दमायचं त्याने, थांबायचंही त्यानेच आणि थांबल्याचा अपराध उरलेलं आयुष्य वाहायचा तोही त्यानेच. ताण येतो तो इथून.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘मित्रासाठी जीव दे’ म्हणणारा जुना उपदेशक आणि ‘मास्क आधी आपला’ म्हणणारा नवा, दोघं भांडताना दिसतात, पण दोघांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच आहे: एक बुडणारा, एक वाचवणारा, तिसरा कोणी नाही. जुना म्हणतो उडी मार, नवा म्हणतो काठावर बस. काठावर आणखी माणसं आहेत, त्यांना हाक मार, हे दोघांनाही सुचत नाही. मदत करणाऱ्याला जपतं ते मित्रापासूनचं अंतर नव्हे; त्याला जपतो तो दुसरा मदत करणारा.

भर्तृहरीने नीतिशतकात सन्मित्राची सहा लक्षणं दिली. वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला, त्यामुळे आपल्याला ती परकी नाहीत. पापापासून परतवणं, हिताकडे वळवणं, झाकायचं ते झाकणं, गुण उजेडात आणणं, संकटात न सोडणं आणि वेळेला देणं. यात सर्वस्व देणं कुठे आहे? न सोडणं आहे, आणि वेळेवर देणं आहे. या मापाने कर्ण पहिल्या दोन लक्षणांतच नापास होतो. त्याने दुर्योधनाला जीव दिला, पण परतवलं नाही. आणि सीमारेषावाले पाचव्यात नापास होतात.

मोठं काम उभं करणाऱ्यांनीही हेच केलं. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ साली रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना स्वतःच्या छोट्या खासगी दवाखान्यात आणायला सुरुवात केली. तसंच दोघांनीच रेटत राहिले असते तर एव्हाना थकून थांबले असते, असं मला वाटतं. पुढे त्याची ‘श्रद्धा’ संस्था झाली, २००६ साली कर्जतला केंद्र झालं, २०१८ साली डॉ. वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला त्या कामाची रीत महत्त्वाची वाटते: माणूस उचलायचा, उपचार करायचे, घरचा पत्ता काढायचा आणि कार्यकर्त्याने बरोबर जाऊन त्याला घरच्यांच्या हाती द्यायचं. हाती देणं हा त्या सेवेचाच भाग आहे, त्यात कोणी पळपुटेपणा बघत नाही. पुण्याच्या मुक्तांगणात, १९८६ साली सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. या बायकांना कोणी नवरा सोडायचा सल्ला देत नाही, सोसत राहायचाही देत नाही. त्या आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईशेजारी बसून बोलतात, आणि तेवढ्याने त्यांच्या पाठीचा कणा ताठ होतो.

हे घरगुती मापात कसं बसवायचं? समजा, तुमचा एक मित्र आहे. खालापुरातल्या कारखान्यात कंत्राटी होता, काम सुटलं, आता पितो, झोपत नाही, तुम्हालाच फोन करतो. त्याला एक मेव्हणा आहे, शाळेतला एखादा सवंगडी आहे, एखादी मावशी आहे जिच्यापुढे तो अजूनही मान खाली घालतो. त्यांना गाठा. एकाने बँकेचे कागद बघावेत. एकाने डॉक्टरकडे न्यावं. खोपोली लोकलने ठाणं दीड-दोन तासांवर आहे, तिथे १९०१ पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. मावशीने आठवड्यातून एकदा जेवायला बोलवावं. आणि तुम्ही त्याला सांगा, ‘‘दहानंतर फोन घेणार नाही रे, पाळी असते. पण सकाळी कामावर जाताना तुझ्या दारात थांबणार, चहा घेऊनच जाणार.’’ आणि मग खरंच थांबा, अगदी तो दार उघडून एक शब्द बोलला नाही तरी. इथे मर्यादा आहे, मलाही ती नाकारायची नाही. पण तिच्या पोटात वचन आहे. नुसती सीमारेषा म्हणजे वचन काढून टाकलेली मर्यादा, आणि माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

एवढ्याशा चहाने काय होणार, असं वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी रुग्णालयातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांवर एक प्रयोग केला. साधारण निम्म्यांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रं गेली. उपदेश नाही, चौकशांचा मारा नाही. आम्हाला तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा, एवढाच मजकूर. उरलेल्यांना पत्र नाही. पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या कमी झाल्या, आणि हा फरक पहिल्या दोन वर्षांत सर्वांत स्पष्ट होता. पत्र लिहिणाऱ्याची झोप काही उडाली नसणार.

दोन आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला: मित्र मारतो, शिव्या देतो, पैसे उकळतो, तरी धरून राहायचं? नाही. हात उगारणाऱ्यासमोरून उठून जावं, आणि दारूसाठी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नये. भर्तृहरीचं पहिलं लक्षण तेच सांगतं. पण जाताना कोणाला तरी सांगून जावं. आता मी नाही, तू बघ, एवढं. गुपचूप नंबर ब्लॉक करण्यात आणि यात फार फरक आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मित्र म्हणतो, तुला सांगतोय, दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, शपथ आहे. मग ही दुसरी-तिसरी माणसं आणायची कुठून? इथे मी भर्तृहरीच्या तिसऱ्या लक्षणाशी उघड वाद घालतो. व्यसन, कर्ज, फसलेलं प्रेम, हे जमेल तितकं झाकावं. त्याच्या परवानगीने एकालाच, त्याने निवडलेल्याला सांगावं. पण जीव नकोसा झाल्याचं तो बोलला, तर ती शपथ त्याच क्षणी सुटली असं समजावं. सरळ विचारावं, ‘‘जीव द्यायचे विचार येतात का?’’ विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरतात ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. घरात पिकाचं औषध असेल तर ते हलवावं, त्याला एकटं ठेवू नये, आणि घरच्यांना सांगावं, तो रागावला तरी. त्या रात्री दहाचा नियमही नसतो. पोलिसांच्या भीतीने गप्प बसायचे दिवस गेले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तीव्र ताणाखालचा माणूस धरतं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतं. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वांत जास्त. गुपित राखणाऱ्यांची संख्या यात कमी नसणार.

आणि खरोखरच कोणी नसेल? मेव्हणा दुबईला, मावशी गेली, वाडीत चार घरं आणि चारही घरांशी भांडण? तर निदान तुम्ही तरी एकटे राहू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीतून; आणि फोन करणारा स्वतः आजारी असला पाहिजे अशी अट नाही, मित्रासाठी जागणाऱ्यालाही तो लावता येतो.